माफ करणारं लोखंड

आमच्या कंपनीत गोल्फ होतं असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या चपलांकडे. बघू दे बापडा. होतं म्हणजे होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, रबाळ्याला, आमची कापडाच्या रंगांची कंपनी होती आणि तिच्या पाठीमागे पुढेमागे कारखाना वाढवायचा म्हणून राखून ठेवलेली जमीन. कंपनी उभी करायला आलेल्या टर्नर नावाच्या इंग्रज साहेबाला शनिवारी दुपारी करमेना, म्हणून त्याने त्या जमिनीवर गोल्फचे तीन होल आखले. हिरवळ वगैरे कसली आलीय! चेंडू भोकात घालायची जागा म्हणजे वाळूत मशिनचं जळकं तेल कालवून चोपलेलं तपकिरी वर्तुळ. बाकी गवत, खडे, आणि गावातल्या म्हशी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टर्नर विलायतेला परत गेला. होल राहिले, आणि ते राहिले ते एकट्या सबनीसांमुळे.

सबनीस आमच्या ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख. उंच, सडपातळ, कानावर पेन्सिल, आणि शनिवारी पायात खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. मी लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले तेव्हा मी नव्यानेच वाशीत ब्लॉक घेऊन राहायला आले होते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ओळख करून दिली, "हे सबनीस, आमचे गोल्फर."

"गोल्फर नाही," सबनीस तिथल्या तिथे म्हणाले. "मी खेळतो. आणि लोकांना हत्यारं निवडून देतो."

मला वाटलं, विनय असेल. पुढे कळलं की ही दुरुस्ती ते प्रत्येकाला करतात, दर वेळी करतात, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने करतात. दिवाळीच्या फराळाला एका पाहुण्यांनी पुन्हा 'गोल्फर' म्हटलं तर चकली बशीत ठेवून पुन्हा दुरुस्ती. आम्ही त्यांच्या मागे नक्कलसुद्धा करायचो. त्यामागचं दुखणं आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पण हत्यारं निवडून द्यावीत तर सबनीसांनीच. गोल्फच्या काठ्यांमध्ये लोखंडी तोंडाच्या काठ्यांना आयर्न म्हणतात. सबनीस सरळ लोखंड म्हणत. प्रत्येकीवर नंबर असतो. नंबर जितका लहान तितकं तोंड सरळ, चेंडू तितका लांब, आणि मारायला तितकी कठीण. त्यात पुन्हा दोन जाती. एक जुनी, पात्यासारखी पातळ आणि देखणी; बरोब्बर मध्यावर चेंडू बसला तर स्वर्ग, बोटभर इकडेतिकडे झाला तर चेंडू पायाशी आणि हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या. दुसरी नवी जात, पाठीला खळगा असलेली, तळ रुंद, वजन कडेकडेला वाटलेलं. दिसायला जरा ठोंबी. पण तुमचा हात चुकला तरी चेंडू बऱ्यापैकी जातो. सबनीस तिला 'माफ करणारं लोखंड' म्हणत.

"आपल्याला शोभतं ते घेऊ नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आपल्याला सोसतं ते घ्यावं."

आणि कुणाला काय सोसतं हे ते कसं ओळखत? खराट्याने! हसू नका. कुणी नवा माणूस आला की सबनीस त्याच्या हातात काठी द्यायच्या आधी माळ्याचा खराटा देत आणि पहिल्या होलपाशी झाडायला लावत. मागे हात बांधून बघत राहत. काही माणसं वरवर, लांब फटकाऱ्याने झाडतात. काही माती उकरत झाडतात. वरवर झाडणाऱ्याला पातळ तळाचं लोखंड चालतं. उकरणाऱ्याने ते घेतलं तर ते जमिनीत रुततं. त्याला रुंद तळच हवा. एवढं साधं शास्त्र.

सूद नावाचे नवे वर्क्स मॅनेजर दिल्लीहून आले तेव्हाची गंमत सांगायलाच हवी. शनिवारी दुपारी ते चकचकीत विलायती सेट घेऊन मैदानावर आले, सगळी पातळ पाती. सबनीसांनी नमस्कार केला आणि त्यांच्या हातात खराटा ठेवला. अकाउंट्सचे कुलकर्णी तर झाडामागे जाऊन उभे राहिले. सूदसाहेबांनी एकदा खराट्याकडे बघितलं, एकदा सबनीसांकडे, आणि काय मनात आलं कोण जाणे, झाडायला लागले. धुळीचा लोट उठला.

"साहब," सबनीस म्हणाले, "आप झाड़ते नहीं, खोदते हैं. ये सेट आपका नहीं है."

सूदसाहेब लालबुंद झाले. पुढचे काही महिने ते हट्टाने तीच पाती घेऊन खेळले आणि आमचं मैदान नांगरून काढलं. मग एक दिवस स्वतःच ड्रॉइंग ऑफिसात गेले आणि सबनीसांपुढे खुर्ची ओढून बसले, म्हणाले, चलो, बताओ, क्या लूँ. सबनीसांनी 'मी म्हणालो नव्हतो का' असं चुकूनही म्हटलं नाही, चहा मागवला.

माझी पाळी आली तेव्हा मी बाणेदारपणे म्हटलं, "मी केमिस्ट आहे, झाडूवाली नाही."

"सूदसाहेब मॅनेजर आहेत, देसाईबाई. झाडा."

झाडलं. सबनीस म्हणाले, "अगदीच वरवर. घरी कामाला बाई आहे वाटतं?" सगळी लॅब हसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मी खेळायला गेले होते ते तरी कशाला, तर शनिवारी अर्धा दिवस असला तरी वाशीची बस पाचशिवाय सुटायची नाही, म्हणून. पण सबनीसांनी एवढ्या मन लावून माझा खराटा बघितला की नंतर सोडवेना.

खराट्यानंतर कार्बन. ही त्यांची दुसरी तऱ्हा. ऑफिसातल्या टायपिंगच्या कार्बनचा तुकडा आणि खाली पांढरा कागद, असं लोखंडाच्या तोंडावर चिकटपट्टीने लावायचं आणि चेंडू मारायचा. चेंडू जिथे बसला तिथे कागदावर गोल डाग. मग सबनीस तो कागद उन्हात धरून बघत. कुलकर्ण्यांचा पहिला डाग लोखंडाच्या अगदी टोकाकडे होता. पोट आडवं येत असल्यामुळे ते चेंडूपासून फार लांब उभे राहत, आणि खापर काठीवर फोडत.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं.

सबनीस माझ्याकडे वळले. "तसं नाही, बाई. कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. माणूस बिचारा वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत बसतो." आणि त्यांनी कुलकर्ण्यांना जरा लांब दांड्याची काठी दिली. पुढच्या शनिवारी कुलकर्ण्यांचा डाग मधे आला, तर त्यांनी तो कागद पाकिटात घालून घरी नेला बायकोला दाखवायला.

आता इतकं सगळं ज्ञान असलेला माणूस स्वतः कसा खेळत असेल? वाईट. सांगायला जीव तुटतो, पण वाईट. सबनीसांकडे टर्नरसाहेबाने जाताना दिलेला सेट होता. पातळ, काळसर, सुईसारखी पाती. आणि सबनीस स्वतः उकरणारे! काठी उंच न्यायची, खाली आणायची, आणि चेंडूच्या आधी जमिनीत. ढेकूळ चेंडूपेक्षा लांब जायचं. तिसऱ्या होलच्या पलीकडे गावातल्या हिराबाई म्हशी चारत बसायच्या. त्या नाल्यापलीकडून ओरडायच्या, "आवो सायेब, जमिनीनं तुमचा काय घेतलाय? किती मारताव तिला!" सबनीस टोपी काढून त्यांना नमस्कार करत आणि पुन्हा जमिनीतच मारत.

तो तिसरा होल हेच त्यांचं मरण होतं. मधे पावसाळी पाण्याचा रुंद नाला, जो पुढे खाडीला मिळतो. अलीकडून एका फटक्यात नाला ओलांडायचा. कुलकर्णी ओलांडत, सूदसाहेब ओलांडत, वारा पाठीशी असला तर मीही ओलांडत असे. सबनीस दर शनिवारी टर्नरच्या सेटमधली पाच नंबर काढत, आणि चेंडू दर शनिवारी नाल्यात जाई. आणि एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. सगळ्या जगाला कार्बन लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या काठीला कार्बन कधी लावला नाही.

त्यांची मुलगी माधवी मस्कतला असते. एका सुट्टीत ती बाबांसाठी नवा सेट घेऊन आली. खळग्याच्या पाठीचा, रुंद तळाचा, दांडे हलके. आईनेच तिला कळवलं होतं की यांचा खांदा आता दुखतो. शनिवारी सबनीसांनी तो सेट मैदानावर आणला. एकेक काठी हातात घेतली, तोलली, डोळ्यासमोर धरून बघितली. "उत्तम," म्हणाले. "अगदी नेमका निवडलाय पोरीने." आणि तिथल्या तिथे वाटून टाकला! पाच नंबर कुलकर्ण्यांना, सात नंबर मला, नऊ सूदसाहेबांना, बाकीच्या कंपनीच्या क्लबच्या कपाटात, येईल त्याला खेळायला. कुलकर्ण्यांच्या काठीला तर त्यांनी वर्कशॉपमधून दांडा वाढवूनही आणला. आम्ही नको नको म्हणत होतो आणि घेतही होतो. इतकी चांगली काठी कोण सोडतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सबनीसांनी आम्हाला वाशीला घरी जेवायला बोलावलं. शालिनीवहिनींच्या हातचं कोलंबीचं कालवण आणि वालाचं बिरडं. कुलकर्ण्यांनी नवीन पाच नंबरचं कौतुक केलं आणि वहिनींच्या हातातला डाव तिथेच थांबला.

"ती यांच्यासाठी आणली होती माझ्या मुलीने," वहिनी म्हणाल्या. कुलकर्ण्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "तुमच्यावर राग नाही हो माझा. पण यांना काय म्हणू? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सगळ्यांना म्हणायचं सोसेल ते घ्या, आणि आपण घरी येऊन रात्रभर खांद्याला शेक. मी सांगते, एक दिवस हे खेळणंच सोडणार. चिडून नाही. दमून."

सबनीस बिरड्यातले वाल बाजूला करत होते. मग म्हणाले, "शालू, टर्नर तोंडात पाईप ठेवून त्या नाल्यावरून चेंडू मारायचा. त्याच पाच नंबरने. मी साधा ड्राफ्ट्समन, त्याला खेळायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्याने मला शिकवलं. जाताना सेट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ज्या दिवशी या पाच नंबरने नाला ओलांडशील, त्या दिवशी स्वतःला गोल्फर म्हण. तोवर म्हणू नकोस."

"मेला टर्नर!" वहिनी म्हणाल्या. "तो विसरलासुद्धा असेल."

"असेल," सबनीस म्हणाले. "मी नाही विसरलो."

त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या 'गोल्फर नाही'ची नक्कल करणं बंद केलं.

मग नव्या प्लांटचं ठरलं. मागची जमीन त्यासाठीच होती, तक्रार कुणाकडे करायची? भूमिपूजन दसऱ्याच्या मुहूर्तावर, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला सबनीस निवृत्त. म्हणजे मैदान आणि सबनीस दोघं एकदमच जाणार होते. खंडेनवमीची दुपार ही तिथली शेवटची दुपार. सबनीस कुणाला काही म्हणाले नाहीत, पण दोन-तीन आठवडे ते रोज जेवणाच्या सुट्टीत नुसतीच पाच नंबर फिरवत उभे असलेले दिसायचे. सगळ्या कंपनीला माहीत होतं की त्या दुपारी ते शेवटचा प्रयत्न करणार. मी नवस बोलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी मशिनं बंद. वर्कशॉपमध्ये पाने, हातोडे, गेज, वेल्डिंगच्या बंदुका, सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. घरच्यांनाही बोलवायचं. वहिनी आल्या होत्या. पूजा झाली, पेढे वाटले, आणि सबनीस काठ्यांची पिशवी घ्यायला क्लबच्या कपाटाकडे गेले. पिशवी रिकामी.

तेवढ्यात वर्कशॉपचे फोरमन पाटील त्यांचा हात धरूनच त्यांना आत घेऊन गेले. पाटील रबाळे गावचेच, सबनीसांवर भारी जीव. पूजेच्या अगदी मध्यभागी, मोठ्या लेथपुढे, लाल कापडावर टर्नरच्या काठ्या मांडलेल्या. तेल लावून घासलेल्या, हळदीकुंकवाची बोटं ओढलेल्या, पाच नंबरच्या गळ्यात झेंडूची माळ.

"यंदा तुमचा इथला शेवटचा दसरा, सायेब," पाटील म्हणाले. "म्हटला, तुमची पन हत्यारं देवाला दावावी."

आता पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलत नाहीत, हे तिथल्या पोरासोरालाही ठाऊक. आणि दुसऱ्या दिवशी तर बुलडोझर. पाटलांच्याही ते त्याच क्षणी ध्यानात आलं. चेहरा एकदम उतरला. "उचला, सायेब! मी देवाला सांगतो. माजी चूक हाय, तुमची नाय!"

मला पाटलांचा इतका राग आला आणि त्याच वेळी त्यांची इतकी दया आली की कुठे बघावं कळेना. इतकी वर्षं थांबलेला माणूस, आणि शेवटच्या दुपारी मायेनेच त्याचे हात बांधले! कुलकर्णी म्हणाले, देव काही म्हणत नाही हो. सूदसाहेबही म्हणाले, ले लो, सबनीस. सगळ्यांचं एकच.

सबनीस त्या काठ्यांकडे बघत उभे होते. मग त्यांनी वाकून हात जोडले. "नको, पाटील. छान दिसतायत. इतकी छान माझ्या हातात कधी दिसली नाहीत." आणि पाटलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बसलीयत ती. बसू देत."

बाहेर आलो. आम्हाला वाटलं, संपलं. सबनीस चालत होते ते मात्र बसकडे नाही, मैदानाकडे. तिसऱ्या होलपाशी जाऊन उभे राहिले. आम्ही मागोमाग, वहिनीसुद्धा, काठापदराच्या साडीत खड्यांवरून चालत. मग कुलकर्णी पुढे झाले. त्यांनी आपली पाच नंबर सबनीसांपुढे धरली. माधवीने आणलेली.

सबनीसांनी ती घेतली. "दांडा लांब केलाय हा मीच," म्हणाले. "जरा खालून धरावी लागेल." आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, कार्बन आहे?"

माझ्या पर्समध्ये दर शनिवारचा तुकडा असायचाच, तो तसाच होता. मी तो कागद-चिकटपट्टीसकट काढून दिला. वहिनींनी तोंडाला पदर लावला. सबनीसांनी शांतपणे कागद लावला, वर कार्बन लावला, चिकटपट्टी नखाने दाबली. चेंडू ठेवला. काठी उंच गेली, नेहमीसारखीच, आणि खाली आली, नेहमीसारखीच, जराशी जमिनीला लागून. पण रुंद तळ रुतला नाही, सरकला. चेंडू उठला. काही फार देखणा नाही, उजवीकडे थोडा कलत, नाल्याच्या पाण्यावरून गेला आणि पलीकडच्या गवतात पडला.

सबनीसांनी कार्बन सोडवला, कागद उन्हात धरला, आणि मग तो वहिनींकडे घेऊन गेले. वहिनींनी चष्मा लावला.

"कुठे लागलाय?"

"टोकाला. साफ चुकलोय."

"मग गेला कसा?"

सबनीसांनी काठीच्या तोंडावरची माती अंगठ्याने पुसली. "माफ केलंन," म्हणाले.

वहिनी रडायला लागल्या, मग मीही. पाटील आमच्यामागून धावत आले होते, ते मोठ्याने ओरडले, "झालाव सायेब, गोल्फर झालाव तुमी!" आणि आम्ही सगळे सवयीने थांबलो, दुरुस्तीसाठी. टर्नरची अट तर पुरी झालीच नव्हती. त्याची पाच नंबर तिकडे माळ घालून बसली होती. सबनीसांनी पाटलांकडे बघितलं, मान हलवली, आणि दुरुस्ती केली नाही.

ती पाती त्यांनी पुढे कधी परत नेली नाहीत. वर्कशॉपच्या भिंतीवर राहिली, दर खंडेनवमीला पाटील ती उतरवून मांडत. सबनीस महिनाअखेरीला गेले, मग वहिनींना घेऊन मस्कतला मुलीकडे. ऑफिसातल्या निरोपाच्या सभेतला हार घातलेला सबनीसांचा चेहरा मला धड आठवतही नाही. माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन त्या दुपारचंच.

नाल्यावर एक फळी टाकलेली होती. काठी खांद्यावर टाकून, पांढऱ्या बुटांनी एकेक पाऊल जपत ते फळीवरून पलीकडे गेले आणि गवतात वाकून चेंडू शोधायला लागले. हिराबाई म्हशींपाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांनी पायाने गवत बाजूला केलं.

"ह्यो काय तुमचा चेंडू, सायेब," त्या म्हणाल्या. "आज सोडलाव ना जमिनीला?"

आणि सबनीस हसले. इतक्या वर्षांत त्यांना मोठ्याने हसताना मी ऐकलं नव्हतं. ते हसणं नाल्याच्या अलीकडे आम्हा सगळ्यांपर्यंत आलं.